तिसरी जागा

आमच्या घरी इंग्लंडची स्पोर्ट्स कार होती असं मी सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग माझ्या जुन्या स्कूटीकडे. आजोबांच्या दारी हत्ती झुलत होते म्हणणाऱ्यांतलीच ही एक, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. मला त्याचा राग येतो. मी मुळातच रागीट आहे आणि गाडीच्या बाबतीत तर जास्तच. गाडी होती. गडद हिरवी, बिनटपाची, लांब नाकाची, आणि दोनच माणसं बसतील एवढी. आम्ही घरात तिघं होतो.

बाबा अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंगच्याच आवारातल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. गाडी मूळची मालकांची. तरुणपणी त्यांनी ती हौसेनं मुंबईहून चालवत आणली, काही वर्षं मिरवली, आणि मग त्यांचे गुडघे गेले. त्या गाडीत बसणं म्हणजे पाटावर बसण्यासारखं होतं. बसायला कसंबसं जमायचं, पण उठवायला दोन माणसं लागायची. मग गाडी रुईच्या गोदामात धूळ खात पडली. बाबा दर रविवारी तिचं बोनट उघडून काहीतरी करत बसायचे. ते पाहून मालक एकदा म्हणाले, "मह्यापेक्षा तुलेच तिचा जास्त लळा हाय. घेऊन जाय." रीतसर कागदही करून दिले. बाबा गाडी ढकलत क्वार्टरपुढे घेऊन आले तेव्हा आई पीठ मळत होती. ती पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि म्हणाली, "अन् हे ठेवाची कुठी?"

ही गाडी ज्या रस्त्यांसाठी बनली होती ते रस्ते आमच्याकडे नव्हते, आणि ज्या हवेसाठी बनली होती ती हवा तर वऱ्हाडात कोणी स्वप्नातही पाहिली नव्हती. पोट जमिनीला टेकेल इतकी ती ठेंगणी. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतली की बैलजोडी आणावी लागायची. म्हणून बाबांनी तिला खाली जीपचे स्प्रिंगचे पाटे बसवले आणि जीपचीच चाकं लावली. उन्हाळ्यात इंजिन तापून वाफ सोडायचं, म्हणून ट्रॅक्टरचा पंखा बसवला. डोक्यावर ऊन नको म्हणून नळ्या वाकवून ताडपत्रीचा टप केला. मागे संत्र्याच्या पेट्या ठेवायला लोखंडी कॅरिअर आलं. या सगळ्या उद्योगात त्यांचे जोडीदार होते अकोल्यात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान असलेले चाचा. बाबा कापायचे, चाचा जोडायचे. मधल्या वेळात दोघंही चहा प्यायचे आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचे.

पण या सगळ्याच्या आधी बाबांनी गाडीत जो बदल केला, तो माझ्यासाठी होता.

अक्षय तृतीयेला आम्ही अमरावतीला आजोळी निघालो होतो. मी आईच्या मांडीवर. मी तेव्हा बोलायला आणि ओढायला शिकले होते, त्यातलं ओढणं जास्त. मूर्तिजापूरच्या पुढे मी गिअरचा दांडा धरून जो काही ओढला, त्यानं गाडी रस्ता सोडून बाभळीत शिरली. कोणाला लागलं नाही. आईनं मला एक धपाटा दिला आणि बाबांना म्हणाली, "दोघाच्या गाडीत तिघं बसवले तर असंच होईन." बाभळीचे काटे काढता काढता बाबा सीटच्या मागच्या सपाट पत्र्याकडे पाहत राहिले.

अकोल्याला परतल्यावर त्यांनी तो पत्रा कापला. कापलेल्या जागेत चाचांनी जिनिंगमधल्या जुन्या यंत्राच्या पत्र्याची पेटी बसवली. तिच्यात रुई भरून वर निळं रेक्झिन लावलं आणि धरायला लोखंडाची छोटी मूठ. पाय ठेवायला पुढे जागा नव्हती, म्हणून सीट उलटी. मी गाडीकडे पाठ करून बसायचे. त्यामुळे आम्ही कुठं चाललोय हे मला कधी कळलं नाही, पण कुठून निघालोय ते मी शेवटपर्यंत बघत असायचे. हात हलवणारे शेजारी, मागे धावणारं कुत्रं, लहान होत जाणारं जिनिंगचं धुराडं, हे सगळं माझ्या वाट्याला. आई-बाबांच्या वाट्याला नुसता पुढचा रस्ता. दहावीपर्यंत मी त्या पेटीत बसत होते. शेवटी शेवटी गुडघे हनुवटीला लागायचे, पण तिसरी जागा माझी आणि ती मी कुणाला देत नसे.

गाडीचे जे मूळचे भाग निघाले, त्यातलं काही फेकलं गेलं नाही. निघालेली वस्तू कोणाच्या तरी कामी आलीच पाहिजे, हा बाबांचा धर्म. तारांची सुंदर स्पोकची चाकं भातकुलीच्या एका फूलवाल्या काकांनी नेली आणि आपल्या फुलांच्या हातगाड्यांना लावली. चामड्याच्या सीटा बाबांच्या ओळखीच्या एका न्हाव्यानं परतवाड्याला नेल्या. गिऱ्हाइकं त्यांवर बसून वर्तमानपत्र वाचायची. मूळच्या टपाचं कापड कधीच फाटून गेलं होतं, त्याच्या उरलेल्या लोखंडी कमानींवर आमच्या क्वार्टरच्या शेजारणीनं तोंडलीचा वेल चढवला होता. या सगळ्या घरांत आम्ही गेलो की बाबा आधी माणसांची नाही, वस्तूची विचारपूस करायचे.

मग ती वर्षं आली. ती वर्षं वऱ्हाडात ज्यांनी काढली त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही काढली त्यांना सांगून कळायचं नाही. सकाळचं वर्तमानपत्र आलं की आई ते घडी न मोडता कपाटावर ठेवायची. कापूस पिकवणाऱ्याचं कंबरडं मोडलं आणि कापसावर जगणारे आम्हीही त्याच्याच मागे बसलो. जिनिंग आधी एका पाळीवर आलं, मग हंगामापुरतं, मग बंदच. आम्ही क्वार्टर सोडलं. मामांची अमरावतीला दोन खोल्यांची एक जागा होती, तिच्यामागे पत्र्याचं शेड होतं. खोल्यांत आम्ही गेलो, शेडमध्ये गाडी गेली. मी बी.ए. झाले होते आणि गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेत होते, म्हणजे मुख्यतः त्यांच्यावर ओरडत होते.

बाबांच्या डोक्यात एकच होतं. शेडमध्ये लोखंड कातायची लेथ टाकायची आणि फवारणीचे पंप, विहिरीवरच्या मोटारी, जे येईल ते दुरुस्त करायचं. हात होते, जागा होती, लेथ नव्हती. दुसरी वाट पुण्याकडे जात होती. माझ्या आतेभावाच्या ओळखीनं तिथल्या एका कारखान्यात नोकरी मिळत होती, राहायला चार जणांत एक खोली. बाबांनी पन्नाशी गाठलेली. वऱ्हाडाच्या पलीकडे ते कधी राहिले नव्हते. आईच्या हातची भाकरी नसेल तर त्यांना लग्नातलं जेवणही जात नसे. ते पुण्यात एकटे स्टोव्हवर भात टाकतायत असं नुसतं मनात आणलं तरी मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी पोरांवर आणखी ओरडायचे.

तर गाडी विकायची, असं ठरलं. जिनिंगच्या मालकांनीच पुण्याच्या एका साहेबांना निरोप दिला. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक होता. ते एकदा सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून आले. त्यांना आवडून घ्यायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. पण शेडमध्ये आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या आणि बोनटवर असा हात ठेवला, जसा आपण तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. माझा ठराव तिथंच मोडला.

मग त्यांची तपासणी सुरू झाली.

"हे पाटे कुठले?"

"जीपचे," बाबा म्हणाले. अभिमानानं म्हणाले, बिचारे.

"चाकं?"

"तेही जीपचेच. चिखलात पाहा साहेब, रुतली तर नाव बदलून देतो."

"हिला मूळची स्पोकची चाकं होती. ती कुठे आहेत?"

"भातकुलीले. फुलाच्या गाड्याले लावली."

साहेब उंबऱ्यावर बसले. आईनं पाणी आणून दिलं.

"पंखा?"

"टॅक्टरचा हाय. तवापासून एकदाही तापली नाई."

साहेबांनी पाणी पिऊन घेतलं आणि अगदी शांतपणे, मास्तर समजावतात तसं समजावलं. म्हणाले, "काका, तुम्ही हिला चांगली केलीत यात शंकाच नाही. चालवायची असेल तर ही आता जास्त चांगली गाडी आहे. पण जुन्या गाडीचं गणित वेगळं असतं. घेणारा नुसती गाडी घेत नाही, तो तिचा काळ विकत घेतो. ती कारखान्यातून निघाली तेव्हाचा पाटा, तेव्हाचं चाक, जमलं तर तेव्हाचा रंगसुद्धा. तुम्ही एक चांगली वस्तू बसवलीत की तेवढा तिचा काळ कमी झाला, आणि तेवढी किंमतही."

बाबांनी मान हलवली. पण त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला दिसलं. आयुष्यभर त्यांनी वस्तू सुधारली की तिची किंमत वाढते एवढंच पाहिलं होतं.

"तरी बोल्टनं लावलेलं सगळं काढता येतं," साहेब पुढे म्हणाले. "मूळचे भाग मिळाले तर अजून काही बिघडलेलं नाही." आणि ते गाडीच्या मागे गेले. तिथं ते बराच वेळ थांबले. "हे काय आहे?"

"पोरीची जागा," बाबा म्हणाले.

"अहो, ही तर कापलीय."

"कापल्याबिगर बसन कशी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाच फूट पाच इंच उंच आणि काखेत शिकवणीच्या वह्यांचा गठ्ठा. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं, हे मी अजून त्यांच्या बाजूला मांडते. म्हणाले, सगळ्यात जास्त नुकसान या जागेनं केलंय. ही पेटी काढून वर मूळ पत्र्यासारखा पत्रा वेल्डिंगनं नीट बसवावा लागेल, सांधा दिसता कामा नये. गाडी जशी आहे तशी द्यायची तर त्यांनी जी रक्कम सांगितली, तिच्यात लेथचे पायही आले नसते. मूळ रूपात आणून दिली तर लेथ येत होती, शेडचं छत येत होतं, आणि वर्षाचा किराणाही निघत होता. दिवाळीनंतर पुन्हा येतो म्हणून ते गेले. जाण्याआधी बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा खाल्ला आणि नाक पुसत पुसत आणखी मागितला.

झालं. बाबा आणि मी निघालो वस्तू गोळा करायला.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शेजारणीनं वाटीभर काही पाठवलं तर तिची वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीच नसलं तर चमचाभर साखर तरी घालून देतात. ही रीत वाटीपुरती असते असं मी समजत होते.

भातकुलीचे फूलवाले काका चाकं द्यायला लगेच तयार झाले. बाबांनी अडचण सांगितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त म्हणाले, "आता नाई देत. आठ दिवसानं या. असे कसे देऊ?" आठ दिवसांनी गेलो तर चारही चाकं अंगणात मांडलेली. चंदेरी ऑइलपेंट मारून, कडेला लाल पट्टा ओढून, एकेक तार घासून चकचकीत. जोडीला झेंडू आणि शेवंतीच्या टोपल्या. "वर्षानुवर्षं आमचा भार ओढला त्यायनं," काका म्हणाले, "तुमच्या घरी तशेच मळके पाठवू का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. साहेबांचं वाक्य दोघांच्याही कानात होतं, जमलं तर तेव्हाचा रंगसुद्धा. बाबांनी काकांना मिठी मारली आणि म्हणाले, "बावा, नवरीवाणी सजवले तुमी तर."

परतवाड्याचा न्हावी तर दोन पावलं पुढे. त्यानं दोन्ही सीटांवर नवं मरून रेक्झिन चढवलं होतं, त्याला सोनेरी किनार, आणि पाठीवर हृदयाचा आकार शिवून घेतला होता. वर चिखलदऱ्याच्या कॉफीची पुडी दिली. आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही. अकोल्याच्या शेजारणीनं टपाच्या कमानी हिरव्या रंगानं रंगवल्या, वेलासारख्याच, आणि पिशवीभर तोंडली दिली. येताना बसमध्ये मी बाबांना म्हणाले, "आता कोणाला सांगू नका काही. नाहीतर इंजिनाला कोणी मेंदी काढून देईल." बाबा इतके हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. नोकरी गेल्यापासून ते तसे हसले नव्हते.

हे सगळं पाहून चाचांनी कपाळावर हात मारला. ते खास अकोल्याहून आले होते, पंधरवडा आमच्याकडेच राहायला. "भाऊ, मी जिंदगीभर रंग लावला," ते बाबांना म्हणाले, "आता बुढाप्यात खरवडून राहिलो." पण खरवडला. तारांवरचा चंदेरी रंग तर त्यांनी रॉकेल आणि चिंध्यांनी एकेका तारेवरून काढला. फूलवाले काका मध्येच भेटायला आले तेव्हा बाबांनी चाकांवर चटकन चादर टाकली आणि म्हणाले, नजर लागू नये म्हणून झाकलं. सीटांचं नशीब चांगलं निघालं. न्हाव्यानं मूळ चामडं काढलंच नव्हतं. नव्या रेक्झिनच्या आत ते जसंच्या तसं सुरकुतलेलं, मऊ, त्याच्या दुकानातल्या तेलाचा वास धरून बसलेलं होतं. ट्रॅक्टरचा पंखा निघाला, जीपचे पाटे निघाले, ताडपत्री निघाली. मूळचा पंखा आणि पाटे चाचांनी दुकानातून येताना आणलेच होते, ते चढले. गाडी पुन्हा ठेंगणी झाली. शेवटी पेटी काढायची राहिली. ते काम बाबांनी चाचांना बाहेर पाठवून एकट्यानं केलं. मी विचारलं, झालं का? म्हणाले, झालं.

दिवाळीनंतर साहेब आले. गाडी जाईपर्यंत चाचाही आमच्याकडेच थांबले होते. चाकांवरून त्यांनी बोटं फिरवली, सीटांचा वास घेतला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी मनातल्या मनात लेथ शेडमध्ये कुठं ठेवायची ते ठरवूनही टाकलं. आईनं त्यांना चिखलदऱ्याची कॉफी करून दिली. कपबशी हातात घेऊन ते गाडीच्या मागे गेले, वाकले, आणि सीटच्या मागे अंथरलेली चटई त्यांनी उचलली.

खाली पत्रा होता. चार कोपऱ्यांत चार बोल्ट होते.

"काका, हे वेल्डिंग नाहीये."

"नाई," बाबा म्हणाले.

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं साहेब. चाचा तं तयारच होता. मह्याच हात नाई झाला." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "बोल्ट खोलला की जागा तशीच हाय. पायजे तवा बसता येते."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, त्यांना नागपूरला काम आहे, दोन दिवसांनी परत येताना ते उतरतील. तोवर झालं तर व्यवहार ठरल्याप्रमाणे, नाही झालं तर त्यांचा नाइलाज आहे. कॉफी त्यांनी संपवली नाही.

ते गेल्यावर मी जी सुटले, ती सुटले. "बाबा, कोण बसणार आहे तिथं? माझा एक पाय मावत नाही त्या खड्ड्यात!"

"तू नको बसू. पण जागा तं तुहीच हाय ना."

"मग तुम्ही जा पुण्याला, आणि आम्ही मायलेकी इथं बसून जागेची आरती करतो! जागेला हळदीकुंकू लावतो! माणूस घरात नाही आणि पोरीची जागा सांभाळून ठेवली, याला काय म्हणतात, सांगा ना?"

घरात भांडण झालं की बाबा पाना हातात घ्यायचे. तसा घेतला. चारही बोल्ट खोलले आणि पत्रा बाजूला ठेवला. निळी सीट त्यांनी काढून शेडच्या कोपऱ्यात ठेवलेली होती, पण धरायची मूठ अजून आत जिथल्या तिथं होती. माझ्या हातानं घासून घासून ती जिथं उजळली होती, ती जागा अजून चमकत होती.

"पुण्याले जायाची मले हौस नाई वं," बाबा म्हणाले. "तुह्या मायले सोडून मी एक रात नाई काढली. पण हे बंद केलं का आत रिकामं राहीन, कायमचं. वरून पत्रा गुळगुळीत अन् आत काईच नाई. थे मह्यानं पाह्यवत नाई."

मला वाटतं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की माझा बाप गाडी सुधारत नव्हता. त्याला जिथं जिथं आमची काळजी वाटली तिथं तिथं त्यानं ती कापली होती. मला त्याचं इतकं प्रेम आलं की मी आणखी भांडणार होते. पण तेवढ्यात आई बोलली. एवढ्या महिन्यांत गाडीच्या व्यवहारात ती खाऊपिऊ घालण्यापलीकडे पडली नव्हती.

"मंग रिकामं काहून ठेवता?" ती म्हणाली.

ती आत गेली आणि झाकणाची स्टीलची डबी घेऊन आली. डबीत तिनं हळकुंड ठेवलं, सुपारी ठेवली, चिमूटभर सरकी ठेवली. मग पदराच्या गाठीतून तिनं पितळेचे घुंगरू काढले. मी चालायला लागले तेव्हा माझ्या पायात चाळ होते, त्यातले ते उरलेले. मी ते त्याआधी कधी पाहिले नव्हते. "लोकायच्या घरी जाऊन राहिली," आई म्हणाली, "भांडं रिकामं नाई देत."

चाचांनी कानातला अत्तराचा फाया काढला आणि डबीत ठेवला. "मह्याकडून," एवढंच म्हणाले. बाबांनी मूठ पान्यानं सोडवली, जुन्या फडक्यात गुंडाळली आणि त्या पोकळीत ठेवली. मला काय ठेवावं ते सुचलं नाही. मी डबीचं झाकण लावलं आणि डबी आत ठेवली.

मग चाचांनी वेल्डिंग मारलं. खाली ओलं पोतं धरून, एकेक टाका घालावा तसं, थांबत थांबत. सांधा घासला, रंग लावला. संध्याकाळी तिथं कधी काही कापलं होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. डबी आत हलते का म्हणून चाचांनी गाडी थोडी हलवली. आतून बारीक आवाज आला. चाचा म्हणाले, "भाऊ, याले काहीतरी केलं पायजे होतं." बाबा म्हणाले, "राहू दे."

दोन दिवसांनी साहेबांनी येऊन चटई उचलली, पत्र्यावर हात फिरवला, आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. गाडी ट्रकवर चढली तेव्हा आईनं बोनटला कुंकू लावलं. मी ट्रकच्या मागे उभी होते. गाडीचं तोंड पुढे होतं, तिची पाठ माझ्याकडे. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ती पाहत राहिले, कारण निघून जाणारं बघायची सवय मलाच होती.

लेथ आली. बाबा पुण्याला गेले नाहीत. फवारणीचे पंप आले, मोटारी आल्या, ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यांच्याही आल्या. निळी सीट चार विटांवर मांडून बाबा तिच्यावर चहा प्यायला बसायचे, दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. माझं लग्न ठरेपर्यंत वर्कशॉपमध्ये टेलिफोनही आला होता.

एके दुपारी मी आईला घेऊन मागे शेडमध्ये गेले होते तेव्हा पुण्याहून फोन आला. साहेबांचा आवाज एवढा मोठा की आम्हाला लांबून ऐकू येत होता. गाडीला कुठल्याशा प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. परीक्षक म्हणाले, इतकी मूळ अवस्थेतली गाडी त्यांनी पाहिली नाही. बाबा "हो का, हो का" करत होते. मग साहेब म्हणाले, "काका, फक्त एक विचारायचं होतं. खड्डा आला की मागून कुठून तरी बारीक खुळखुळ आवाज येतो. दोन मेकॅनिकनी सगळं उलगडून पाहिलं, कुठून येतो कळत नाही. तुम्हाला काही कल्पना आहे?"

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला.

"हाय ना साहेब," बाबा म्हणाले. "थो आवाज ओरिजिनल हाय. त्याले हात लावू नका."

"असं होय? मग राहू दे, राहू दे," साहेब घाईनं म्हणाले.

बाबांनी फोन ठेवला, निळ्या सीटवर बसले, आणि चष्मा काढून पुसत आईला म्हणाले, "अवं, आपली पोरगी पुण्यात वाजून राहिली म्हन्तात."